यंत्राला ज्वर चढतो तेव्हा

आजचा विषय मला एका फजितीने शिकविला. तेव्हा आरंभ त्या फजितीपासूनच करतो.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या मराठी शाळेतील स्पर्धांची प्रमाणपत्रे छापून आणण्याचे काम मजकडे आले. प्रमाणपत्रे होती दोनशे. ओळखीच्या एका लहानशा दुकानात, संगणकाला जोडलेल्या आणि शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या मुद्रणयंत्रावर, म्हणजे ज्याला आपण इंकजेट प्रिंटर म्हणतो त्यावर, ती छापून घेतली. घाई होती, म्हणून यंत्र जलद गतीवर लावले होते. पहिली पंचवीस-तीस मी डोळ्यांखालून घातली. ती उत्तम होती. उरलेली तशीच बांधून आणली. सायंकाळी समारंभ झाला, टाळ्या झाल्या, आणि मंडपातली गर्दी पांगत असता दहा-अकरा वर्षांची एक मुलगी हातात कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "सर, हे माझं नाव नाही." तिचे नाव मंदा. कागदावर छापले होते 'मदा'.

गठ्ठा पुन्हा उलगडला. वसंताचा 'वसत' झाला होता, शंकराचा 'शकर' झाला होता, आणि कांबळ्यांच्या घरची तिन्ही मुले 'काबळे' होऊन बसली होती. नावाची ओळ प्रत्येक कागदावर एकाच उंचीवर होती. आणि त्या ओळीच्या शिरोरेषेच्या जरा वरून सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा एक कोरा पट्टा सरळ आडवा गेला होता. मात्रा आणि वेलांट्या मध्येच तुटल्या होत्या, पण तुटूनही त्या वाचता येत होत्या. अनुस्वाराचे टिंब मात्र समूळ गेले होते. इतर ठिकाणी तोच पट्टा दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत पडला, म्हणून तो कोणाच्या नजरेत भरला नाही.

दुकानदाराकडे गेलो. तो तरुण बिचारा खरोखरच चकित झाला. "काका, शाई तर भरपूर होती! यंत्र पाऊण टाकी दाखवत होतं." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शाई होती, परंतु ती वाहत नव्हती. शाई असणे आणि शाई वाहणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि कागद बिघडण्यापूर्वी त्यांतला भेद यंत्राने कसा ओळखावा, हा आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे.

एका टिंबासाठी एवढा ऊहापोह कशाला, असे कोणी म्हणेल. पण 'ध' चा 'मा' झाल्याची आख्यायिका ज्या भाषेत अजून सांगितली जाते, त्या भाषेच्या माणसाला एका अक्षराचे मोल सांगावयास नको. चिंता आणि चिता यांत अंतर असते ते एका टिंबाचेच. आणि ज्या मुलाच्या पहिल्या प्रमाणपत्रावर चुकीचे नाव पडते, त्याला पुढे कचेरीत 'ही दोन्ही नावे एकाच इसमाची' असे प्रतिज्ञापत्र करून देण्याची पाळी येऊ शकते. तेव्हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

आता हे यंत्र छापते कसे ते पाहू. इंकजेट यंत्रांची दोन मोठी घराणी आहेत. एका घराण्यात शाईचा थेंब उष्णतेने उडविला जातो, तर दुसऱ्यात एका स्फटिकमय पदार्थाच्या आकुंचन-प्रसरणाने. आमच्या दुकानातले यंत्र पहिल्या घराण्यातले होते, म्हणून आधी त्याची हकीकत सांगतो.

१९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीत इचिरो एंडो हे संशोधक काम करीत असता, सोल्डरिंगची तापलेली कांडी शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली, अशी त्या शोधाची कथा सांगतात. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत जॉन व्हॉट आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच वाटेने चालले होते. १९८४ साली ह्यूलेट-पॅकार्डचे 'थिंकजेट' हे यंत्र बाजारात आले. त्याच्या छपाईच्या शीर्षाला अवघी १२ छिद्रे होती. १९८५ मध्ये कॅननचे 'बीजे-८०' आले. आज अशा शीर्षावर शेकडो, कधी हजारो छिद्रे असतात.

प्रत्येक छिद्रामागे शाईची एक सूक्ष्म कोठडी असते आणि त्या कोठडीच्या भिंतीला धातूच्या अतिशय पातळ थराची एक शेगडी असते. तिच्यातून दोन-तीन मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लक्षांश भागांपैकी दोन-तीन भाग, विजेचा एक झटका जातो. तेवढ्या क्षणात शेगडीला चिकटलेला शाईचा पापुद्रा सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. घरातले पाणी १०० अंशांवर शांतपणे उकळते. येथे उकळायलाही सवड मिळत नाही. पापुद्र्याची एकाएकी वाफ होऊन बुडबुडा फुगतो, आणि त्याच्या धक्क्याने पुढची शाई छिद्रातून थेंबरूपाने बाहेर पडते. थेंब असतो थोड्या पिकोलिटरचा. पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा लाख कोटीवा भाग. बुडबुडा लगेच मिटतो आणि रिकामी झालेली कोठडी केशाकर्षणाने पुन्हा भरते. कंदिलाच्या वातीतून तेल वर चढते ना, तेच हे आकर्षण. हा सारा व्यवहार एका सेकंदात हजारो वेळा घडतो.

आता, श्रोतेहो, एक साधा प्रश्न विचारू. शेगडीने दिलेली उष्णता जाते कोठे? तिचा मोठा वाटा उडणाऱ्या थेंबाबरोबर बाहेर जातो. शाई पाण्यासारखीच आहे असे धरून थोडे गणित मांडतो. १० पिकोलिटरचा एक थेंब सरासरीने ३० अंशांनी तापून बाहेर पडला, तर तो सुमारे सव्वा मायक्रोज्यूल उष्णता घेऊन जातो. आकडा हास्यास्पद वाटेल. परंतु १०० छिद्रांतून सेकंदाला दहा-दहा हजार थेंब उडत असतील, तर ही उष्णता सव्वा वॉट होते. सिलिकॉनची जी चकती ती सोसते ती बोटाच्या नखाएवढी असते. तिला सव्वा वॉट हा चांगला चटका आहे.

म्हणजे शाई या यंत्रात दोन कामे करते. ती कागदावर अक्षर उमटविते हे आपल्याला दिसते. ती जाता जाता शीर्षाची उष्णता वाहून नेते हे दिसत नाही. छिद्रातून थेंब सुटेनासा झाला, की दुसरे कामही थांबते. शेगडी पेटतच राहते, उष्णता बाहेर नेणारे कोणी उरत नाही, आणि शीर्षाला ज्वर चढतो. अक्षर फुटणे हे रोगाचे उशिरा दिसणारे लक्षण झाले. ताप त्याच्या अगोदर सुरू झालेला असतो.

हे तत्त्व आपल्या भगिनींना मुद्रणयंत्रापुरते नवे वाटेल, स्वयंपाकघरापुरते नाही. पातेल्यात पाणी आहे तोवर बूड जळत नाही. पाणी आटले की करपण्याचा वास येतो. प्रेशर कुकरच्या झाकणावर सुरक्षेची जी लहानशी झडप असते, तिच्यात सहज वितळणाऱ्या मिश्रधातूची गुटी असते. आतले पाणी संपून कुकर वाजवीपेक्षा तापला, की ती वितळते आणि वाफेला वाट करून देते. कुकरच्या आत डोकावून पाणी मोजणारा कोणी नसतो. पाणी नाही ही वार्ता ताप सांगतो.

ही युक्ती पुष्कळ जुनी आहे. १८०३ साली इंग्लंडमध्ये ग्रीनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक या अभियंत्याच्या वाफेच्या यंत्राचा बाष्पक फुटून माणसे दगावली. त्या अपघातानंतर ट्रेव्हिथिकने बाष्पकात शिशाची गुटी बसविण्याची योजना केली. पाण्याची पातळी खाली गेली की गुटी उघडी पडे, पाण्याच्या संगतीने थंड राहणारे शिसे वितळे, आणि वाफ बाहेर पडून धोक्याची सूचना मिळे. पुढे आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांतूनही अशा गुट्या बसविल्या जात. द्रव आहे की नाही हे तापावरून ओळखण्याची ही विद्या इंजिनापासून कुकरपर्यंत आली, आणि तीच मुद्रणयंत्राच्या नखाएवढ्या शीर्षात जाऊन बसली.

मग या शीर्षाचा ताप मोजतात कसा? तेथे काचेचा तापमापक ठेवायला जागा नाही. त्या चकतीवरच अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूची एक बारीक तार नागमोडी काढलेली असते. धातू तापला की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के. तेव्हा विरोध मोजला की तापमान कळते. कधी तारेऐवजी डायोड वापरतात. त्यावरील विजेचा दाब दर अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो.

तापमान कळले, तरी रोग कळला असे नाही. वैशाखात शीर्ष तापलेले असेल आणि पौषात गार असेल. म्हणून नुसत्या अंशांवरून निदान होत नाही. वैद्य जसा रोग्याची नेहमीची प्रकृती विचारतो, तसे येथेही तुलना करावी लागते. शीर्षाला कागदापासून दूर, बाजूच्या थांब्यावर नेऊन छिद्रांच्या एका गटाला ठरावीक संख्येने झटके द्यायचे आणि ताप किती वेगाने चढतो ते पाहायचे. शाई नीट उडत असता तो किती चढतो हे आधीपासून नोंदलेले असते. त्याहून भराभर चढला, तर त्या गटातून थेंब सुटत नाहीत असे समजायचे.

याहून चतुर अशी आणखी एक परीक्षा आहे. झटक्याची ऊर्जा प्रथम अगदी थोडी द्यायची आणि पायरीपायरीने वाढवायची. आरंभी बुडबुडाच होत नाही, सारी उष्णता शीर्षातच मुरते, आणि प्रत्येक पायरीला ताप वाढत जातो. एका पायरीवर मात्र थेंब सुटू लागतात. ते उष्णता घेऊन पळतात, आणि ऊर्जा वाढवूनही ताप पूर्वीसारखा वाढत नाही. आलेखाला तेथे वळण पडते. हे वळण दिसले की शाई वाहते आहे असे समजावे. वळण दिसलेच नाही, तर आत शाईच्या जागी हवा असण्याची शंका घ्यावी.

अलीकडे यापुढेही मजल गेली आहे. प्रत्येक शेगडीच्या खालीच तापमापक थर बसवून, एकेका थेंबाच्या वेळचा ताप पाहण्याची रीत निघाली आहे. थेंब छिद्रातून सुटतो तेव्हा त्याला मागे शेपूट असते. ते तुटल्यावर शाईचा काही अंश परतून शेगडीवर येतो, आणि निवत चाललेली शेगडी त्या स्पर्शाने एकदम अधिक वेगाने निवते. तापाच्या उतरणीवर तेवढ्यापुरता एक ठसका उमटतो. थेंब सुटलाच नाही, तर उतरण सरळ गुळगुळीत राहते. काही मायक्रोसेकंदांत घडणारी ही घटना पाहून, शेकडो छिद्रांतले नेमके कोणते मुके झाले हे सांगता येते. ते कळले, की त्याचे काम दुसऱ्या छिद्राकडे सोपविता येते, आणि कागदावर पट्टा पडत नाही.

आता आमच्या दुकानदाराच्या 'पाऊण टाकी'कडे वळू. पुष्कळ यंत्रे शाई प्रत्यक्ष मोजत नाहीत. किती वेळा झटका दिला ते मोजतात, तेवढे थेंब गेले असे धरतात, आणि वजाबाकी करून उरलेली शाई दाखवितात. ही कोठीच्या वहीतली शिल्लक झाली. झटका दिला आणि थेंब सुटला नाही, तरी वहीत खर्च पडतो. उंदरांनी धान्य खाल्ले तरी वहीत ते शिल्लक असते, त्यातलाच हा प्रकार. तापाची परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष कोठीत जाऊन पोत्याला हात लावणे. म्हणून मी तिला अधिक विश्वासाची साक्ष मानतो.

शाई अडते कशाने, हेही जाणून घेणे उपयोगाचे आहे. पहिले कारण हवेचा बुडबुडा. तो शाईच्या वाटेत अडकला की शेजारशेजारची दहा-बारा छिद्रे एकदम उपाशी राहतात. एका इंचात ६०० छिद्रे धरली, तर बारा छिद्रांची रुंदी अर्धा मिलिमीटर होते. आमच्या अनुस्वारांवरून गेलेला पट्टा नेमका तेवढाच होता. दुसरे कारण, बरेच दिवस यंत्र न वापरल्यामुळे छिद्राच्या तोंडाशी वाळलेली शाई. तिसरे, कागदाची धूळ. चौथे कारण शेगडीवर बसणारी करप. शाईतील द्रव्ये जळून तिचा थर जमतो, आणि मग बुडबुडा जोमाने फुगत नाही. या विकाराला तंत्रज्ञ 'कोगेशन' म्हणतात, आणि तो शब्द करपणे या अर्थाच्या जपानी शब्दावरून आलेला आहे. पातेल्याच्या बुडाशी खरवड धरते, ती सर्व देशांत धरते.

पाचवे कारण सर्वांत साधे, आणि आमच्या प्रकरणी तेच निघाले. शाईच्या डबीला, म्हणजे कार्ट्रिजला, वरच्या बाजूस श्वास घेण्याचे एक बारीक भोक असते. शाई जाईल तसतशी तेथून हवा आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल थोडे येते आणि मग अडते. म्हणून आपण समोरासमोर दोन भोके पाडतो. दुकानात डबी नव्याने भरताना शाई सांडू नये म्हणून कोणी त्या भोकावर चिकटपट्टी लावली होती. पहिली काही प्रमाणपत्रे सुरेख आली आणि पुढची बिघडली, याचे इंगित हे. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी नखाने ती पट्टी काढली. काम एवढेच होते.

तापाच्या परीक्षेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ताप रोग आहे एवढे सांगतो. रोगाचे नाव दर वेळी सांगत नाही. हवा अडकली, छिद्र बुजले की डबी रिकामी झाली, हे एकट्या तापावरून निश्चित करणे कठीण असते. कधी शेगडीच जळून तुटलेली असते. तेव्हा थेंबही नाही आणि तापही नाही. थेंब सुटतो पण वाकडा जातो, तेव्हा उष्णतेचा हिशेब चोख जुळतो आणि अक्षर तरीही बिघडते. आणि जे दुसरे घराणे मी आरंभी सांगितले, तेथे थेंब उडवायला उष्णता लागतच नाही, म्हणून तेथे हा उपाय चालत नाही. त्यात विजेने आक्रसणारा पदार्थ शाईला ढकलतो, आणि ढकलल्यानंतर शाईत मागे राहणारी कंपने 'ऐकून' बिघाड ओळखता येतो. मडके पक्के आहे की नाही हे आपण टिचकी मारून पाहतो, त्यासारखेच हे.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. छपाई फिकी पडू लागली किंवा पट्टे दिसू लागले, की 'अजून दहा कागद निघतील' या लोभाने यंत्र चालवू नये. उष्णतेच्या यंत्रात शाई हीच शीर्षाला थंड ठेवते. कोरडे चालविलेले शीर्ष करपते, आणि मग नवी शाई भरूनही उपयोग होत नाही. शुद्धीकरणाचे बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. श्वासाचे भोक बंद असेल तर त्याने केवळ शाई वाया जाते. कोरड्या उन्हाळ्यात आठवड्यातून एखादे पान छापावे, म्हणजे छिद्रांची तोंडे वाळत नाहीत. आणि ज्या कागदावर माणसाचे नाव आहे तो जलद गतीवर छापू नये. सावकाश छपाईत एकाच ओळीवरून निरनिराळी छिद्रे फिरतात आणि एकाची उणीव दुसरे भरून काढते. छापून झाल्यावर पहिला कागद तपासतो तसा शेवटचाही तपासावा. मी तो तपासला असता, तर हे भाषण करण्याची वेळ आली नसती.

ती प्रमाणपत्रे आम्ही दुसऱ्या दिवशी सावकाश गतीवर नव्याने छापली, आणि मी शाळेत जाऊन एकेकाच्या हाती दिली. मंदाने कागद घेतला तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. टिंब जागेवर आहे अशी खात्री करून घेतली, आणि मगच तो दप्तरात ठेवला. ज्या यंत्राला आपल्या अंगातला ताप ओळखता येतो, तेही याहून निराळे काही करीत नाही. काम हातावेगळे करण्यापूर्वी ते एकदा स्वतःला तपासून घेते.